ही देवाची चालवणूक की माझ्याच मनाचा आवाज?

ताई, सलाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नर्स आहात. दुबईच्या एका रुग्णालयाकडून बोलावणं आलंय, पगार आताच्या कितीतरी पट आहे. डोक्यावर घराचं कर्ज. मुलगा सातवीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि यजमान म्हणतात, "तू ठरव." 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे नव्या वर्षाच्या स्वागताच्या रात्रीच्या उपासनेत, टोपलीतून बायबलच्या वचनाचं कार्ड उचलताना तुमच्या हातात आलं ते उत्पत्ती 12:1 चं, देवाने अब्राहामाला सांगितलेलं: आपला देश, आपले नातेवाईक आणि बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा. पुढे एका प्रार्थनासभेत पाहुण्या प्रचारकांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून "मला विमान दिसतंय" असं सांगितलं. मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले, सगळे म्हणतात, आणखी कसली खूण हवी? पण तुम्हाला झोप लागत नाही आणि करारावर सही करायला 15 दिवस उरलेत. तुम्ही विचारता, हे प्रभूकडून असेल तर मनाला शांती का नाही? आणि नसेल तर या दोन खुणा आल्या कुठून?

"जा" किंवा "थांबा" हे मी सांगणार नाही. देवाने तुमच्याशी बोलायचं ते मी त्याच्या वतीने बोलून टाकणं बरोबर नाही. पण पारख कशी करायची ते सांगता येईल, कारण पाळकाच्या कामात हाच प्रश्न नाना रूपांनी दारात येतो. हे स्थळ देवाने पाठवलंय का, ऑपरेशन करावं का, गावची जमीन विकावी का. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी माणूस खुणेपासून सुरुवात करतो. मी तुम्हाला दुसरीकडून सुरुवात करायला सांगणार आहे.

देवाने जे आधीच सांगून ठेवलंय ते आधी पाहा. त्याच्या इच्छेचा फार मोठा भाग गुप्त नाही. तुमचं पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे, असं प्रेषित पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला सरळ लिहितो. न्यायाने वागणं, दया आवडीने करणं, देवासमोर नम्रतेने चालणं हे संदेष्टा मीखा याने सांगून ठेवलं. दुबईला गेलात काय किंवा इथे राहिलात काय, हे तुम्हाला लागू आहेच. म्हणून "कुठे" हा प्रश्न हातात घेण्याआधी "कसं" हे विचारा. करारात काही लपवावं लागतंय का? आताच्या हॉस्पिटलला दिलेला शब्द मोडतोय का? आणि सासूबाईंचं काय?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांवर, कडक शब्दांत बोलतो, कारण आईवडिलांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलेलं असं म्हणून ते हात झटकून मोकळे होत होते. देवाचं नाव घेऊन घरातल्या माणसाची जबाबदारी टाळणं येशूला चालत नाही. याचा अर्थ तुम्ही घर सोडूच नये असा मुळीच नाही. काळजी घेणं म्हणजे स्वतः उशाशी बसणंच असं नाही. पैसे पाठवून, माणूस ठेवून, नणंदेशी बोलूनही काळजी घेता येते. पण तुम्ही नर्स आहात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना, माकडहाडापाशी जखमा होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा प्रार्थनेत "प्रभू, सासूबाईंना सांभाळ" एवढंच म्हणू नका. रात्री दोन वाजता त्यांना कुशीवर कोण वळवेल, त्या माणसाचं नाव कागदावर लिहा. नाव लिहिता आलं तर प्रश्नाचा एक मोठा भाग सुटला. नाही आलं, तर देव या घडीला कशाकडे बोट दाखवतोय हे कळायला तिसऱ्या खुणेची गरज उरत नाही.

आता कार्डाबद्दल. वॉचनाइटला वचन घ्यायची आपल्या मंडळ्यांतली रीत मला प्रिय आहे. त्या एका ओळीवर लोकांनी आजारपणाचं, बेकारीचं वर्ष काढलेलं मी पाहिलंय. देव त्या कार्डातून बोलू शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला एक गोष्ट करून पाहायला सांगतो. बायबल उघडा आणि उत्पत्ती 12 शेजारी उत्पत्ती 26 वाचा. तिथे पुन्हा दुष्काळ पडलाय, अब्राहामाचा मुलगा इसहाक गरारला आहे, आणि परमेश्वर त्याला म्हणतो, मिसर देशात जाऊ नकोस, मी सांगतो त्या देशात राहा. देव तोच. बापाला म्हणाला "नीघ", मुलाला म्हणाला "राहा". त्या रात्री टोपलीतून तुमच्या हाताला दुसरं कार्ड लागलं असतं तर? तुम्ही प्रस्ताव नाकारून मोकळ्या झाला असता आणि मंडळीनेही त्याला मान डोलावली असती. वचन खरंच आहे, पण एका माणसाला एका प्रसंगी दिलेली आज्ञा ज्याच्या हाती कार्ड येईल त्याला आपोआप लागू होत नाही.

मग त्या कार्डाचं काय करायचं? टाकून द्यायचं नाही. 12 पासून 22 पर्यंतचे अध्याय रोज एकेक वाचा. अब्राहाम निघाला खरा, पण लगेच दुष्काळात मिसरात गेला आणि भीतीने आपल्या बायकोला, सारेला, बहीण म्हणून सांगून बसला. हागार या दासीचं प्रकरण झालं. देवाने त्याला सोडलं नाही. त्या वाचनातून "जाऊ का?" याचं उत्तर कदाचित मिळणार नाही, पण ज्याच्या हातात तुम्ही हात देताय तो कसा आहे ते कळेल, आणि देवाचा स्वभाव ओळखीचा झाला की त्याचा आवाज ओळखणं पुष्कळ सोपं होतं. लहानग्या शमुवेलाचंच पाहा. त्याला देवाची हाक ऐकू आली, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा तो एली याजकाकडे धावला. कारण तिथेच दिलंय: त्याला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. कान चांगलेच होते, ओळख व्हायची होती.

विमानाच्या दर्शनाबद्दल. पौल एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा. आपल्याकडे पहिलं होतं, दुसरं राहून जातं. पारख केली तर अविश्वास दिसेल अशी लोकांना भीती वाटते. यिर्मया 28 वाचा. मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत हनन्या नावाचा संदेष्टा म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल, मंदिरातली पात्रं परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया काय करतो? तो लगेच भांडत नाही. "आमेन, परमेश्वर असंच करो," म्हणतो. मग आधीच्या संदेष्ट्यांची आठवण करून देतो. हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो, तरी यिर्मया निमूटपणे निघून जातो. देवाचं वचन त्याला नंतर मिळतं. खऱ्या संदेष्ट्यालाही थांबावं लागलं. पुढच्याच अध्यायात बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाचं पत्र जातं: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, कारण इथे 70 वर्षं काढायचीत. वॉचनाइटच्या कार्डांवर हमखास असणारं "माझे संकल्प हिताचे आहेत" हे वचन त्याच पत्रातलं आहे. परत जायला आतुर झालेल्या लोकांना "आहात तिथेच राहा" असं सांगताना देवाने ते दिलं.

तेव्हा त्या प्रचारकांबद्दल मनात अढी ठेवू नका, पण एवढं तपासा: ते तुम्हाला ओळखत होते का? तुमच्या दुबईच्या बोलावण्याची गोष्ट सभेआधी कोणाला माहीत होती? त्यांच्या संदेशाची पारख करायला कोणी वडीलधारं तिथे होतं का? करिंथच्या मंडळीला पौलाने हीच शिस्त घालून दिली, एकाने बोलावं आणि इतरांनी पारख करावी. आणि इथे एक गोष्ट मी अगदी ठासून सांगतो, ती तुमच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टरांची औषधं बंद कर, अमुकाशीच लग्न कर, सगळी शिल्लक अमुक सेवेला दे, असं कोणी "प्रभू म्हणतो" म्हणून सांगितलं तर तिथे थांबा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, मग दर्शन कोणालाही होवो.

"दार उघडलंय म्हणजे देवानेच उघडलं" असंही तुम्हाला पुष्कळांनी सांगितलंय. देवाने निनवेला जायला सांगितलं असताना योना याफोला गेला तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज तयार होतं. भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. सगळं कसं जुळून आलं होतं, फक्त दिशा निनवेच्या उलट होती. दाविदाचा प्रसंग तर याहून बोलका आहे. दावीद लपलेल्या एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल एकटा आत येतो. दाविदाचे लोक त्याच्या कानाशी लागतात, परमेश्वराने म्हटलं होतं तो दिवस हाच. म्हणजे संधी आली, वचनही जोडलं गेलं, सोबत्यांचंही एकमत झालं. दाविदाने फक्त झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. खुणा जमल्या होत्या तरी त्याच्या मनाने "नको" म्हटलं, आणि देवाला तेच मन हवं होतं. तुमच्या अस्वस्थपणाकडे मी म्हणूनच आदराने पाहतोय. ती विश्वासाची कमतरता असेलच असं नाही.

पण अस्वस्थपणा म्हणजे देवाचा नकार, असंही लगेच धरू नका. शांतीच्या बाबतीत आपली गफलत इथेच होते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेत येशू अतिशय व्याकूळ झाला होता आणि तरी पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता. भीती वेगळी, आतली अशांती वेगळी. परका देश, मुलापासून दुरावणं, याची भीती कोणत्याही आईला वाटेल. प्रश्न असा की त्या भीतीच्या खाली काय आहे.

हे पाहायला मला कॅथलिक परंपरेतल्या इग्नेशियस लोयोलांकडून फार मदत झाली. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. तिशीतला हा सरदार लोयोलाच्या घरी महिनोनमहिने पडून राहिला. वाचायला त्याला शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या; घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा. एक, दरबार, पराक्रम, एका उमराव स्त्रीची मर्जी. दुसरं, फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांच्यासारखं सगळं सोडून देवामागे जाणं. दोन्ही स्वप्नं रंगवताना गोडच वाटायची. पण पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं आणि दुसरं संपल्यावरही आनंद टिकायचा. हा फरक बरेच दिवस त्याच्या लक्षातच आला नाही. आला, तेव्हा त्याचं आयुष्य वळलं. त्यातून पुढे त्याने जे नियम लिहिले त्यातला एक मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: मन उदास, अंधारलेलं असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये.

तुमच्यासाठी हे असं करता येईल. तीन दिवस असं धरून चाला की जायचं ठरलंय. कोणाला सांगायचं नाही, पण मनात पक्कं. ड्यूटी करा, स्वयंपाक करा, मुलाचा अभ्यास घ्या. झोपण्याआधी दहा मिनिटं वहीत लिहा: आज कृतज्ञता कशाबद्दल वाटली, प्रार्थना करावीशी वाटली की टाळावीशी, कोणावर चिडले, कोणाची कीव आली, कोणाचा हेवा वाटला. पुढचे तीन दिवस इथेच राहायचं ठरलंय असं धरून तेच करा. सातव्या दिवशी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. "जायचं" या दिवसांत पैशाचे हिशेब आणि जावेला काय वाटेल याचीच पानं भरली असतील तर तेही एक उत्तर आहे. उलट "राहायचं" या दिवसांत सुटका झाल्यासारखं वाटलं पण सोबत एक कडवटपणा आला, "या घरासाठी मीच का?" असं वाटत राहिलं, तर राहण्यामागे प्रेम आहे की लोकलाज, ते तपासावं लागेल. आणि एखाद्या पर्यायात भीती असूनही मन मोठं होत असेल, माणसांशी मऊ वागत असेल, प्रार्थनेकडे आपणहून वळत असेल, तर तिथे थांबून नीट ऐका. हे सगळं एका रात्रीत कळत नाही, म्हणून आधी त्या रुग्णालयाला कळवून 15 दिवसांची मुदत वाढवून मागा. घाई एजंटला असेल, प्रभूला नाही.

कर्जाचं आणि पगाराचं तुम्ही फार संकोचाने लिहिलंय, जणू पैशाचा विचार म्हणजे पाप. तसं नाही. गरज, कौशल्य, मागे सोसलेलं दुःख, यांतूनही देव चालवतो. पंडिता रमाबाईंचं पाहा. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, स्वतः उपाशी रानोमाळ भटकल्या. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींच्या जागी त्यांना स्वतःचे तेच दिवस दिसत होते. पुण्यात प्लेगच्या दिवसांत एवढ्या मुली ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभारल्या. मुक्ती मिशन तिथे वाढलं. बंद झालेल्या दाराने वाट दाखवली, पण निघायला लावलं ते समोरच्या गरजेने आणि अंगावर बेतलेल्या आठवणीने. तुमच्या हातात शुश्रूषेचं कौशल्य आहे. ते कुठे जास्त खर्ची पडेल हा विचारही प्रार्थनेचाच भाग आहे.

आता यजमानांबद्दल. "तू ठरव" ही संमती नाही. तो बहुधा थकवा असतो, किंवा उद्या काही बिनसलं तर दोष आपल्यावर नको ही इच्छा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला तो 1893 च्या सुमारास. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी. मधल्या काळात त्यांनी वाचलं, वाद घातला, शंका विचारल्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वाटेवर लगेच आल्या नाहीत. काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग एकत्र आल्या तरी आपलं सोवळं पाळत राहिल्या, आणि जातपात देवाने नव्हे, माणसाने केली हे त्यांच्या स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा त्या वळल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. नवऱ्याला मिळालेला प्रकाश बायकोला उसना पुरला नाही, तिला तो वेगळा मिळावा लागला. तुमच्या घरीही तेच आहे. तुम्हाला कार्ड मिळालं म्हणून यजमानांना आणि मुलाला मार्गदर्शन मिळालं असं होत नाही. पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या यरुशलेममधल्या सभेने पत्रात "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले" असं लिहिलं, ते भरपूर वादविवाद करून झाल्यावर. तेव्हा दोघं मिळून प्रार्थना करा, आणि मग यजमानांना आधी बोलू द्या. मंडळीतून एकच व्यक्ती निवडा, जिला तुमच्या जाण्याने किंवा राहण्याने काही फायदा-तोटा नाही, जी गोष्ट पोटात ठेवते आणि तुम्हाला "नाही" म्हणायला कचरत नाही. दहा जणांचे सल्ले घेऊ नका.

आणि हे सगळं करूनही दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या दिसल्या तर? तर घाबरायचं कारण नाही. देव प्रत्येक वळणावर एकच बरोबर उत्तर लपवून ठेवत नाही. विधवेने पुन्हा लग्न करायचं तर इच्छा असेल त्याच्याशी करावं, "मात्र प्रभूमध्ये", असं पौल लिहितो. निवड तिच्यावर सोडतो. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये तर पौलाला त्या काळच्या आशिया प्रांतात जायला मनाई झाली, बिथुनियाकडेही जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा एक माणूस दृष्टान्तात दिसला. सोबत्यांनी मिळून अनुमान काढलं आणि निघाले. पोचल्यावर काय सापडलं? नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया. त्यानंतर फटके आणि तुरुंग. वाट बरोबरच होती. तेव्हा गेल्यावर अडचण आली तर "मी चुकीचं ऐकलं" असं लगेच ठरवू नका, आणि राहिल्यावर कर्जाचा हप्ता चुकला तरीही नाही.

जायचं ठरलं तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेला आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहा, नर्सिंगच्या भरतीचे वेगळे नियम आहेत ते वाचा, करारात पगार, सुट्टी आणि परतीच्या तिकिटाचं काय लिहिलंय ते जाणकाराकडून तपासून घ्या. हे अविश्वासाचं काम नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात यजमान काय म्हणाले, पाळक काय म्हणाले, प्रचारक काय म्हणाले, जाऊ काय म्हणाली ते सगळं आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते नाही. त्या अंथरुणावर आहेत, पण तुमच्याच लिहिण्यावरून त्यांचं मन आणि वाचा शाबूत दिसते. एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना त्यांच्याजवळ बसा, कार्डाचं आणि विमानाचं काही सांगू नका, फक्त बोलावणं आलंय एवढं सांगा आणि विचारा, "आई, तुम्हाला काय वाटतं?" मग त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा आणि मला कळवा.